केळु, निधान, साकु : एक्कावन्नाव्या वर्षी पेटीनं शिकवलेल्या दहा गोष्टी

आमच्या भजनी मंडळातले पेटीवाले तात्या दोन वर्षांमागं मुलाकडं पुण्याला राहायला गेले. जाताना पेटी मात्र देवळातच ठेवून गेले. आमचं गाव कर्नाटकातल्या भालकी तालुक्यातलं, महाराष्ट्राची हद्द अगदी जवळ. दर एकादशीला रात्री देवळात भजन असतं. तात्या गेल्यावर दोन एकादश्या नुसत्या टाळ-पखवाजावर झाल्या. आमचे गाणारे अण्णा सत्तरीच्या घरातले. पेटीचा आधार नसला की दुसऱ्या अभंगापासूनच त्यांची पट्टी वर सरकायला लागते आणि गवळणीपर्यंत घसा बसतो. तिसऱ्या एकादशीला मी पेटी पुढं ओढली.

माझं खत-बियाण्याचं दुकान आहे. शाळेत असताना दोन वर्षं पेटी शिकलो होतो, तेवढीच पुंजी. त्या रात्री प्रत्येक कडवं संपलं की अण्णा माझ्याकडं बघायचे. रागानं नव्हे. बुजऱ्या बैलावर गाडीवानाची नजर असते ना, तसे बघायचे. त्यांचं निम्मं लक्ष अभंगात आणि निम्मं माझ्या बोटांवर. भजन संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "शिकून घ्या की जरा. बरं होईल."

मे महिन्यात बसवकल्याण तालुक्यातल्या एका गावात मोठ्या माणसांसाठी आठ दिवसांचं भजन-साथीचं शिबिर भरलं. मुक्काम शाळेच्या खोल्यांत, शिकवणी मारुतीच्या देवळात. आम्ही ३४ जण होतो. उदगीर, निलंगा, उमरगा या पलीकडच्या बाजूचे आणि भालकी, हुमनाबाद, अळंद, कलबुर्गी या अलीकडच्या बाजूचे. सकाळी मराठी अभंग, संध्याकाळी कानडी वचनं आणि तत्त्वपदं. पेटी शिकवायला निलंग्याकडचे गुरुजी, पखवाजाला एक महाराज आणि तत्त्वपदं गायला अळंद भागातले एक अज्जा. अज्जांना मराठी सगळं कळायचं, पण शिकवताना त्यांच्या तोंडून कानडीच यायचं, आणि त्यातही तीन शब्द पुन्हा पुन्हा : केळु, निधान, साकु. ऐक, सावकाश, पुरे.

त्या आठ दिवसांत आणि नंतरच्या वर्षभरात जे हाती लागलं ते असं.

१. कुणाच्या तरी नडीसाठी शिका

पहिल्या रात्री ओळखी झाल्या. उदगीरकडच्या एका अंगणवाडी ताईंच्या महिला मंडळात सतरा गाणाऱ्या होत्या आणि पेटीवाली एकही नव्हती. हुमनाबादच्या एका निवृत्त लाइनमनच्या गल्लीत दर गुरुवारी भजन व्हायचं, पखवाज खुंटीला टांगलेला आणि वाजवणारा कुणी नाही. अशी माणसं शिबिरात पहिल्या दिवसापासून नेमकं विचारत होती. "आमच्या बाया फार वरच्या पट्टीत गातात, तिथं बोटं कशी टाकायची?" "गवळणीला ठेका कुठून बदलायचा?"

ज्यांना रीतसर शिकायचं आहे त्यांच्यासाठी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची वाट आहे, प्रारंभिकपासून विशारदपर्यंत. वाट चांगली आहे आणि ती चालून जाणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण पन्नाशीत पेटी हातात घेणाऱ्यानं आधी स्वतःला विचारावं : माझ्या वाजवण्याची नड कुणाला आहे? उत्तर मिळालं की वयाची लाज आपोआप गळून पडते. मला अण्णांचा घसा वाचवायचा होता. आठ दिवस मी त्या एकाच गोष्टीला धरून बसलो.

२. गाणाऱ्याच्या पट्टीत सराव करा, आपल्या सोयीच्या पट्टीत नव्हे

शाळेत मी सगळं पांढरी एकमध्ये शिकलो होतो. सा रे ग म सरळ पांढऱ्या पट्ट्यांवर, कुठं अडचण नाही. बहुतेक हौशी पेटीवाले तिथंच राहतात. पण खेड्यातला भजनी मोकळ्या आवाजात गातो. अण्णांची पट्टी काळी दोन. तिथं बिलावलाचे साधे सूर वाजवायचे तरी बोटांना चढउतार करावा लागतो : सा काळी दोन, रे पांढरी चार, ग पांढरी पाच, म काळी चार, प काळी पाच, मग ध आणि नी वरच्या पांढरी एक-दोनवर. माझी बोटं अडखळायची ती इथं. मी मात्र इतके दिवस समजत होतो की मला चालच येत नाही.

गुरुजींनी पहिल्या दिवशी प्रत्येकाला विचारलं, "तुमच्याकडं गाणारा कोण आणि तो कुठल्या पट्टीत गातो?" निम्म्या लोकांना सांगता आलं नाही. ते म्हणाले, "आधी घरी फोन लावा." अंगणवाडीताईंनी लावला, पलीकडून त्यांच्या मैत्रिणीनं फोनवरच एक ओळ म्हणून दाखवली, गुरुजींनी पेटीवर सूर पकडला : पांढरी सहा. शिबिर संपेपर्यंत ताई दुसऱ्या पट्टीला शिवल्या नाहीत. मी काळी दोन धरली. पहिले दोन दिवस बोटांना पट्ट्याच सापडत नव्हत्या, चौथ्या दिवशी न बघता सापडायला लागल्या.

३. आपलं वाद्य बाजूला ठेवा आणि टाळ धरा

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराजांनी सगळ्या पेट्या भिंतीला लावायला सांगितल्या आणि आमच्या हातात टाळ दिले. दोन दिवस सकाळी पेटीवाल्यांनी फक्त टाळ वाजवायचे, उभं राहून, पावली टाकत. मनातून मला वाईट वाटलं. आठातल्या दोन सकाळी अशाच गेल्या तर शिकायचं कधी?

दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत उत्तर मिळालं. धुमाळी आठ मात्रांची, केरवाही आठ मात्रांचाच. कागदावर मोजले तर दोन्ही सारखे. पण पाऊल टाकताना दोघांची चाल वेगळी पडते, वजन वेगळ्या जागी येतं. पेटीवर बसून बोटं मोजणाऱ्याला हे कळत नाही, कारण त्याचं सगळं ध्यान सुरांत अडकलेलं असतं. टाळ हातात आला की सूर नाहीत, शब्द नाहीत, उरते फक्त लय. आणि शेजारचे तीस टाळ. आपला टाळ जरा पुढं गेला की तीसजणांच्या मधोमध तो एकटा ऐकू येतो. तेव्हा कळतं की मंडळ म्हणजे काय.

ज्याला साथ करायची आहे त्यानं वर्षातून एकदा तरी स्वतःचं वाद्य खाली ठेवून दुसऱ्याचं हाती घ्यावं. मी पखवाजालाही बसलो. डाव्या बाजूला ओली कणीक कशी लावतात, वाजवता वाजवता ती सुकली की आवाज कसा कोरडा होतो, उन्हानं कातडं ताणलं की सूर कसा वर जातो, हे हातानं करून पाहिलं. पेटीचा सूर हलत नाही, म्हणून पखवाजवाल्याला हातोडीनं गट्टे ठोकून तिच्याशी मिळवून घ्यावं लागतं. पूर्वी तो ठोकाठोक करत असला की मी घाई करायचो. आता शांतपणे सा धरून थांबतो.

४. निधान

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अज्जांच्या तत्त्वपदाला साथ करायची माझी पाळी आली. पद कडकोळ मडिवाळप्पांच्या परंपरेतलं. मडिवाळप्पा आमच्याच कलबुर्गी भागातले संतकवी, आणि त्यांच्या शिष्यांत चन्नूरचे जलालसाहेब होते. हिंदू-मुसलमान एकाच एकतारीवर गायचे, त्या परंपरेतली ही पदं. अज्जा संथ लयीत गात होते. मला चाल सापडली, आनंद झाला आणि हात सुटला. दुसऱ्या कडव्याला मी त्यांच्या पुढं होतो. तिसऱ्याला अज्जांनी गाणं थांबवलं. डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले, "निधान."

कानडीत निधान म्हणजे सावकाश, सबुरीनं. मराठीत निधान म्हणजे ठेवा, धन. मी दोन्ही भाषांत वाढलो, पण हे दोन अर्थ शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते. त्या दिवशी देवळाच्या पायरीवर बसून बराच वेळ तेच मनात घोळत होतं. जी चाल येते ती माणूस भरभर वाजवतो आणि येत नाही तिथं अडखळतो. म्हणून हौशी माणसाची लय कायम डगमगते. उपाय गुरुजींनी दिला : येणारी चाल मुद्दाम निम्म्या लयीत वाजवायची, आणि तीही एका सुरातून दुसऱ्या सुरात जाताना भाता तुटू न देता. संथ लयीत लपायला जागा नसते. बोट उशिरा पडलं, भाता धसमुसळा झाला, सूर मध्येच मेला, सगळं उघडं पडतं. आजही रोज पहिली दहा मिनिटं मी तेवढंच करतो.

५. गुडघ्यांना विसरू नका

एवढंच सांगतो. पन्नाशीनंतर रोज सहा तास मांडी घालून बसणं हे मोठं काम आहे. पेटी जमिनीवर आणि पाठ वाकलेली, असं दोन दिवस केलं की खांदा धरतो. बुडाखाली जाड घडी घ्या म्हणजे गुडघे खाली उतरतात, पेटीखाली पाट ठेवा, तासाभरानं उठून चाला. मे महिन्यात आमच्याकडं ऊन चाळिशीच्या वर जातं. पाणी जवळ असू द्या. शरीर कुरकुरत असलं की कान बंद होतात, आणि कान बंद झाले की शिबिराला आल्याचा उपयोग नाही.

६. अक्षरं मोजा, मग श्वास सापडेल

माझी सर्वांत मोठी अडचण होती ती अण्णा कुठं थांबणार हे न कळण्याची. ते श्वास घ्यायचे आणि मी वाजवतच असायचो. चौथ्या दिवशी गुरुजींनी पेटी मिटायला सांगितली आणि फळ्यावर अभंगाचा सांगाडा मांडला. मोठ्या अभंगात चार चरण : पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक, आणि चौथा आखूड चरण म्हणजे पायरीवर पाऊल टेकावं तसा. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. लहानपणापासून शेकडो अभंग कानांवरून गेले, पण त्यांचा असा हिशेब असतो हे मी पन्नाशीत शिकलो. त्या दिवसापासून अण्णांचा श्वास कुठं पडणार हे मला आधी कळतं. चौथा चरण आला की भाता हलका करायचा.

ओवीचं मोजमाप याहून सैल. तिची एक जुनी गोष्ट गुरुजींनी सांगितली तेव्हा देवळात सगळे गप्प झाले. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वरानं ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात संगीताचं मोठं प्रकरण आहे, आणि महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. ती कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. आम्ही बसलो होतो त्याच तालुक्यात. नऊशे वर्षांपूर्वी इथल्या राजानं मुसळाच्या घावावर चाललेलं मराठी बायकांचं गाणं आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं. अंगणवाडीताई हळूच म्हणाल्या, "म्हणजे आमच्या आज्यांचं गाणं राजाच्या पुस्तकात होतं."

७. केळु : ऐकणं आणि विचारणं एकच

अभंग मोजता येतो. वचन मोजता येत नाही. बाराव्या शतकात त्याच कल्याणात बसवण्णा आणि त्यांच्या सोबतच्या शरणांनी वचनं रचली. ती गद्यासारखी मोकळी आहेत, ठरलेल्या अक्षरसंख्येत बांधलेली नाहीत. गाणारा अर्थ जिथं पुरा होतो तिथं थांबतो. मग साथीदारानं काय धरायचं? मी अज्जांना हेच विचारलं. ते म्हणाले, "केळु."

मला वाटलं, ऐक म्हणतायत. ऐकत राहिलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. शेवटी कलबुर्गीचे एक निवृत्त प्राध्यापक शिबिरात होते, त्यांनी समजावलं : कानडीत केळु म्हणजे ऐक, आणि केळु म्हणजे विचार. शब्द एकच. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. वचनाचा अर्थच मला माहीत नव्हता, तर तो कुठं पुरा होतो हे ऐकून कसं कळणार? त्या रात्री अज्जांच्या शेजारी बसून ओळीओळीचा अर्थ विचारला. ते सांगत गेले, मी वहीत उतरवत गेलो. दुसऱ्या दिवशी त्याच वचनाला बसलो तेव्हा एकदाही मध्ये पाऊल पडलं नाही.

मोठ्या माणसाला विचारायला जड जातं. दुकानात दिवसभर लोक मला विचारतात आणि मी सांगतो, त्याची सवय झालेली असते. शिबिरात बहुतेकजण सगळं मोबाइलवर टिपून घेत होते. टिपणं चांगलंच, पण टिपलं म्हणजे कळलं असं नव्हे. गुरू समोर बसलाय तोवर विचारून घ्यावं.

८. अर्धीमुर्धी भाषा ही अडचण नाही

पाचव्या दिवशी आम्हाला हुमनाबादजवळ माणिकनगरला नेलं. माणिकप्रभूंचा जन्म १८१७ साली बसवकल्याण तालुक्यातल्या लाडवंतीचा. त्यांनी पदं रचली ती मराठीत, कानडीत आणि हिंदुस्थानीतही. या संस्थानाची गाण्याची परंपरा मोठी आहे, दत्तजयंतीच्या दरबारात लांबलांबचे गवई हजेरी लावून जातात. आम्ही गेलो तेव्हा उत्सव नव्हता. समाधीपुढं बसून एक मराठी आणि एक कानडी पद ऐकलं. गाणारे तेच, वादक तेच, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना कुणाच्या चेहऱ्यावर रेघही हलली नाही.

आमचा बीदर जिल्हा १९५६ साली भाषेवरून वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडं गेले, भालकी, औराद, हुमनाबाद इकडं राहिले. शाळा बदलल्या, कचेरीची भाषा बदलली. त्या काळच्या माणसांनी जे सोसलं ते मी घरात ऐकलंय. पण गाण्याची वाटणी झाली नाही. गाणगापूरचं माहात्म्य सांगणारं 'गुरुचरित्र' सरस्वती गंगाधरांनी लिहिलं. त्यांची घरची भाषा कानडी होती आणि आपलं मराठी तोकडं आहे असं त्यांनी ग्रंथातच मोकळेपणानं सांगितलंय. तरीही लिहिलं, आणि आज घराघरांत त्याचं पारायण होतं. गदगला जन्मलेले पंडित भीमसेन जोशी मराठीत संतवाणी गायले, कानडीत दासवाणी गायले. आपल्याला पुरी भाषा येत नाही म्हणून साथीला न बसणाऱ्यानं हे आठवावं. कच्ची भाषा चालते, कच्चं लक्ष चालत नाही.

९. दुसरं असण्यात कमीपणा नाही

केळुचा अर्थ सांगणारे ते प्राध्यापक जॅझचे जुने शौकीन. एका रात्री झोपण्याआधी त्यांनी मोबाइलवर एक खरखरीत ध्वनिमुद्रण लावलं, १९२३ सालचं. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या चालीच्या जॅझची अशीच शिबिरं भरतात म्हणे, तिथंही आमच्यासारखी पिकल्या केसांची हौशी माणसं आठवडाभर वाद्य घेऊन येतात. त्या जॅझमध्ये सगळे एकाच वेळी वाजवतात : कॉर्नेट मूळ चाल धरतं, क्लॅरिनेट तिच्याभोवती नक्षी काढतं, ट्रॉम्बोन खालून आधार देतो. तरीही गोंधळ होत नाही, कारण प्रत्येकाला आपली जागा माहीत असते.

ते ध्वनिमुद्रण जो 'किंग' ऑलिव्हर यांच्या वाद्यवृंदाचं होतं. ऑगस्ट १९२२ मध्ये त्यांनी न्यू ऑर्लिन्सहून लुई आर्मस्ट्राँगला शिकागोला बोलावून घेतलं, दुसरा कॉर्नेट वाजवायला. आर्मस्ट्राँग तेव्हा २१ वर्षांचा होता. पुढं साऱ्या जगानं ज्याला डोक्यावर घेतलं तो माणूस त्या वाद्यवृंदात गुरूच्या मागं दुसरा होता. ऑलिव्हर पुढची जागा हळूच सुचवायचे आणि आर्मस्ट्राँग ती तिथल्या तिथं जोडीनं वाजवायचा, असं सांगतात. प्राध्यापक म्हणाले, "ऐका, दोघं कसे एका श्वासात आहेत."

आपल्याकडं पेटीवाल्यांचं तेच. गोविंदराव टेंबे संगीतकार म्हणून केवढे मोठे, 'मानापमान'च्या चाली त्यांच्या, पण भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाला पेटीची साथ करण्यात त्यांनी धन्यता मानली. जालन्याकडून आलेल्या अप्पा जळगावकरांनी आयुष्य थोरामोठ्यांच्या साथीत घालवलं आणि साथीलाच प्रतिष्ठा मिळवून दिली. मी त्यांच्या पायाच्या धुळीएवढाही नाही. पण वाट तीच आहे. आठव्या दिवशी समारोपाला प्रत्येकाला काहीतरी वाजवून दाखवायचं होतं. बऱ्याच जणांनी एकट्यानं चाल वाजवली. मी ताईंना गायला सांगितलं आणि त्यांच्या मागं साथ केली. माझं आठ दिवसांचं शिक्षण त्यातच दिसणार होतं.

१०. साकु

पेटी मूळची परदेशी. फ्रान्समध्ये १८४० च्या सुमारास ती घडली, कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी ती जमिनीवर बसून हातानं भाता मारण्याजोगी केली. तिचे सूर ठरलेले. गळ्यासारखी मींड तिला काढता येत नाही, दोन सुरांमधली जागा तिला दाखवता येत नाही. याच कारणानं १९४० साली आकाशवाणीनं तिच्यावर बंदी घातली, आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. त्या बंदीनं कितीतरी वादकांवर अन्याय झाला असं मला वाटतं. पण तिच्यामागची अडचण खरी आहे, आणि पेटीवाल्यानं ती ओळखून वागावं. अण्णा एखादा सूर हेलकावे देत आळवतात तेव्हा मी त्यांच्यामागं पट्ट्या बडवत धावलो तर त्यांची जागाच मोडते. तिथं नुसता सा किंवा प धरून थांबावं.

सातव्या दिवशी मी एका तत्त्वपदात प्रत्येक रिकामी जागा भरून काढत होतो. अज्जांनी हात हलकेच माझ्या भात्यावर ठेवला. "साकु." पुरे. राग नव्हता त्यात. मी हात उचलला. पखवाज चालू होता, टाळ चालू होते, आणि मध्ये जी मोकळी जागा झाली तिच्यात अज्जांचा आवाज अलगद येऊन बसला. मी तिथं काहीही वाजवलं असतं तरी तो आवाज मला ऐकू आला नसता.

घरी आल्यावर दुकान, पेरणीची गर्दी, बियाण्यांच्या थैल्या, उधारीच्या वह्या. आठ दिवसांची गोडी महिन्याभरात उडून जाते हे खरं. म्हणून मी मोठा बेत आखला नाही. पहाटे दुकान उघडण्याआधी वीस मिनिटं : दहा निधानासाठी, दहा काळी दोनमध्ये एका अभंगासाठी. आठवड्यातून एक संध्याकाळ अण्णांच्या ओसरीवर, फक्त ऐकायला आणि विचारायला. एवढंच वर्षभर चुकू दिलं नाही.

यंदा आषाढीला देवळात मंडप भरला होता. अण्णांनी रूपाचा अभंग उचलला, काळी दोनमध्ये. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. गवळण झाली, भारूड झालं. पट्टी जिथली तिथं, घसा मोकळा. मला सारखं काहीतरी वेगळं वाटत होतं आणि काय ते कळत नव्हतं. भैरवीच्या वेळी ध्यानात आलं : सगळ्या रात्रीत अण्णांनी एकदाही माझ्याकडं पाहिलं नव्हतं. डोळे मिटून ते विठ्ठलापुढं गात होते. शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज उतरत आला, मी भाता हलका केला, आणि ते थांबले तिथं हात उचलला.